ठकीबायचा उलटा खांब

मोखाड्याहून पोशेऱ्याकडे जाताना एका वळणावर निळी पाटी लागते. 'देशाचे माजी मंत्री कै. तुळशीदास वारघडे यांचे जन्मगाव करवंदपाडा, २ कि.मी.' दोन किलोमीटर हे पाटीचं म्हणणं. चालणाऱ्याला ते साडेतीन भरतात. एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारलं तर तो सांगतो, पाटी लावणारा जीपमध्ये झोपला होता.

पाड्यात बत्तीस घरं. त्यातल्या एकाच घराला गेट आहे, आणि ते हेमंत सरांचं आहे. पाटीवरचे मंत्रीसाहेब हे सरांचे सख्खे चुलते. बंगल्याच्या पुढच्या खोलीत साहेबांचा हार घातलेला फोटो, फोटोखाली त्यांची काठी, चष्मा आणि दिल्लीतला काळा टेलिफोन. टेलिफोनला वायर नाही, पण येणारं प्रत्येक पोर रिसीव्हर उचलून कानाला लावून बघतंच. शाळांच्या सहली येतात, निवृत्त शिक्षक येतात, कधीमधी जव्हारचा राजवाडा बघून झाल्यावर वेळ उरला म्हणून मुंबईची मंडळी येतात. सगळे चपला काढून गुळगुळीत फरशीवर उभे राहतात आणि इकडेतिकडे बघतात. 'कुडाच्या घरातून दिल्लीपर्यंत' हे त्यांनी कुठल्या तरी भाषणात ऐकलेलं असतं, आणि इथे तर कूड नाहीच. सर समजावतात की ते घर इथेच होतं, याच आवारात, पण फार पूर्वी मोडलं. मंडळी मान हलवतात. निघताना उताराला एक कुडाचं घर दिसतं. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, शेणानं सारवलेल्या, पुढे बुटका ओटा. मग सगळे थांबून त्याचा फोटो काढतात आणि म्हणतात, साहेबांचं घर असंच असणार.

ते घर ठकीबायचं. आणि ठकीबायचं म्हणणं, असंच कशाला, हेच.

हे ती गेली वीस वर्षं सांगत आली. गाडीचा आवाज वळणावर आला की ती अंगण झाडायची, ओट्यावर घोंगडी टाकायची, पाण्याचा हंडा पुढे आणून ठेवायची. मंडळी लांबूनच फोटो काढायची, हात हलवायची आणि गाडीत बसायची. ठकीबाय हंडा परत आत न्यायची. पाड्यानं तिचं नाव मंत्रीणबाय पाडलं होतं. कुणी हाक मारली तर ती ओ द्यायची, वर विचारायची, "काय काम काढलंस? अर्ज आणला का?"

साखरशेतची पोर, सोळाव्या वर्षी या घरात लग्न होऊन आली. सासरा बुध्या हा वारघड्यांकडे गडी. जमीन नावापुरतीही नाही, घराखालची जागा तेवढी आपली. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांची नागली लावली, दुसऱ्यांचं भात कापलं, दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली आणि होळीला परत आली. नवरा गेला, मुलगा भिवंडीला गोदामात लागला. आता घरात ती आणि सून सुनिता. दोघी दिवसभर भांडतात आणि एकीनं जेवायला घेतल्याशिवाय दुसरी जेवत नाही.

घराची गोष्ट तिला बुध्यानं सांगितली होती. साहेब पहिल्यांदा निवडून दिल्लीला गेले, त्यानंतर त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे हेमंत सरांच्या वडलांनी, विटांचं घर बांधायला काढलं. जुनं घर मोडलं. आपल्याकडे घर मोडतात म्हणजे फेकत नाहीत. खांब उपसायचे, वासे उतरवायचे, आणि दुसरीकडे नेऊन पुन्हा उभं करायचं. मालकानं ते घर बुध्याला दिलं, असं बुध्या सांगायचा. वारघड्यांकडे वेगळंच सांगत. चांगलं लाकूड जव्हारच्या व्यापाऱ्याला गेलं आणि बुध्याला मिळाला तो गोठा.

पाड्यानं वारघड्यांचं खरं मानलं. त्यालाही कारण बुध्याच. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुडखा खाली आणि शेंडा वर, हे या मुलखात दात न आलेल्या पोरालाही ठावं. बुध्यानं घरातला सगळ्यात मोठा, मधला खांब उलटा लावला. ज्या बेचक्यात आढं टेकायचं ते बेचकं मातीत गाडलं आणि जाड बुडखा वर केला. बघायला आख्खा पाडा लोटला होता. सोम्या तेव्हा विशीतला, खांब लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो तीन दिवस हसत होता म्हणतात. तेव्हापासून बुध्याचा झाला उलटा बुध्या. ज्याला खांबाचं डोकं-पाय कळत नाहीत, त्याला मालकाचं घर आणि गोठा यातला फरक काय कळणार? बुध्या मेला, नाव राहिलं. ठकीबाय बरीच वर्षं उलट्याची सून होती, मंत्रीणबाय ही बढती नंतर मिळाली.

ती सगळ्यावर हसायची. पण म्हाताऱ्यानं शेवटच्या आजारातही वर छपराकडे बोट दाखवून सांगितलं होतं की साहेब याच्याखाली रांगलेत. मरताना माणूस गोठ्याबद्दल कशाला खोटं बोलेल, एवढाच तिचा हिशोब.

मग या वर्षी घरकुलाच्या यादीत तिचं नाव लागलं. पक्कं घर, वर पत्रे नाही, स्लॅब. पण जागा तेवढीच, म्हणजे जुनं घर मोडल्याशिवाय नवं होणार नाही. ग्रामसेवकानं सांगितलं, डिसेंबरच्या आत पाया दिसला पाहिजे, नाहीतर नाव कमी होईल. सुनितानं त्याच दिवशी कुदळ घासून ठेवली. तिनं आठ पावसाळे त्या घरात पातेली मांडून काढले होते, कुठल्या गळतीखाली कुठलं पातेलं हे तिला झोपेत सांगता आलं असतं.

ठकीबाय म्हणाली, घराला हात लावायचा नाही. एक तरी पाहुणा, हे साहेबांचं घर आहे असं मानून, माझ्या ओट्यावर बसला पाहिजे. मग खुशाल मोडा. तोवर नाही.

"वीस वर्षांत कुणी बसला नाय, आते," सुनिता म्हणाली. "डिसेंबरला दीड महिना आहे."

"दीड महिना खूप झाला," ठकीबाय म्हणाली आणि अंगण झाडायला गेली.

दीड महिन्यातले तीन आठवडे गेले. भात झोडून झालं, खुरासणी घरात आली, भट्टीचे मुकादम फेऱ्या मारू लागले. आणि साहेबांची जन्मशताब्दी आली. हेमंत सरांनी मांडव घातला. दोन गाड्या भरून पाहुणे यायचे होते, आणि त्यांत साहेबांची मुलगी नीताताई. वय सत्तर, दिल्लीतच वाढलेली, पाड्यात आलेली एकदाच, तीही आईच्या कडेवर. पाहुण्यांना गावचं जेवण हवं होतं. म्हणून ठकीबायला भाकरीसाठी बोलावलं. पाड्यात नागलीची भाकर तिच्यासारखी कुणी थापत नाही, ती फुगते आणि फुटत नाही.

अशा रीतीनं ज्या दिवशी सगळ्यांत मोठी गाडी पाड्यात आली, त्या दिवशी ठकीबाय स्वतःच्या अंगणात नव्हती. ती सरांच्या परसात तीन चुली आणि दोन पराती घेऊन बसली होती. सकाळी निघताना मात्र हंडा ओट्यावर भरून ठेवला होता. सवयच ती.

नीताताईंनी फोटोला नमस्कार केला, टेलिफोन कानाला लावून बघितला आणि मग हेमंत सरांना विचारलं, "खुणांचा खांब कुठाय?"

सरांना काही कळेना. तेव्हा ताईंनी सांगितलं. दिल्लीत दर वाढदिवसाला साहेब मुलांना दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं उंचीची खूण करायचे. आणि दर वेळी म्हणायचे, तुमच्या खुणा रंगाबरोबर जातील, माझ्या कोयत्याच्या आहेत. साहेबांचे वडील दर होळीला पोराला घरातल्या मोठ्या खांबाशी उभं करायचे आणि डोक्यावर कोयत्यानं एक खाच मारायचे. पुढे साहेब शिकायला जव्हारला गेले आणि खाचा थांबल्या. ताई एवढ्या लांब आल्या होत्या त्या खांबाला हात लावायला. भाषणाचं आमंत्रण त्यांना दर वर्षी कुठून ना कुठून येतच असतं.

हेमंत सरांनी घसा साफ केला आणि ते लाकूड जव्हारला गेलं असं सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात परसदारातून ठकीबाय आत आली. कोपरापर्यंत नागलीचं पीठ.

"तो खांब माझ्याकडं हाय," ती म्हणाली.

सर हसले. म्हणाले, ही आमची ठकीबाय, प्रत्येक गाडीला हेच सांगते. मांडवातले पाड्यातले लोक हसले, ते बघून पाहुणेही हसले. नीताताई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या खांबावर खाचा आहेत?"

'हो' म्हणायला काही लागलं नसतं. पण ठकीबायनं पंचेचाळीस वर्षं तो खांब सणासणाला पुसला होता. पोराच्या उंचीपर्यंत तो तिच्या तळहातासारखा ओळखीचा होता, आणि तिथं एकही खाच नव्हती.

"नाय," ती म्हणाली.

आणि परत परसात गेली. तव्यावरची भाकर काळी झाली होती. ती तिनं कुत्र्याला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. सुनिता वाढप्यांत होती. ती येऊन बाजूला बसली आणि सासूला न विचारता चुलीतलं लाकूड पुढे सरकवलं. कुदळीचं नाव तिनं त्या वेळी काढलं नाही, हे तिच्या नावावर लिहून ठेवायला हवं.

जेवणं बसली. उडदाची आमटी, खुरासणीची चटणी, भाकर. ठकीबाय भाकरीची टोपली घेऊन पंगतीत फिरत होती. नीताताई शेजारच्या बाईंना साहेबांची गोष्ट सांगत होत्या. चौथ्या होळीला म्हणे आजोबांचा हात हलला. कोयता घसरला आणि एकाच जागी दोन खाचा पडल्या, एकीवर एक. साहेब म्हणायचे, त्या वर्षी मी एकदम दोन माणसांएवढा वाढलो.

ठकीबायचा हात टोपलीतच थांबला.

घराच्या माळ्यावर, चुलीच्या धुरात, ती दर वर्षी लसणाच्या जुड्या आणि बियाण्याची कणसं टांगते. मधला खांब माळ्यातून वर जातो. तिथं खांबाला खाचा आहेत. त्यांत दोरी अडकवायची आणि जुडी सोडायची. सासूही तसंच करायची. एका खाचेत मात्र दोरी कधी नीट बसत नाही, कारण ती खाच दुहेरी आहे.

"ताई," ती म्हणाली, "चौथी म्हणजे खालून का वरून?"

"खालूनच. पोर वर वाढतं ना."

"आणि मोजून सहा?"

नीताताईंनी घास खाली ठेवला. सहा हा आकडा त्यांनी तोवर कुणाला सांगितलेला नव्हता.

"माझी वरून चौथी हाय," ठकीबाय म्हणाली. मग टोपली खाली ठेवली, पंगतीच्या मधोमध बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. पाड्यातल्या लोकांना वाटलं, उन्हानं झालं. फक्त सोम्याबाबा, आता ऐंशीच्या पुढचा, मांडवाच्या टोकाला खुर्चीत बसला होता, तो हळूहळू काठी शोधू लागला. त्याला कळलं होतं. खांब उलटा, तर खुणाही उलट्या. खालच्या वर गेल्या आणि वरच्या खाली.

मग जे झालं त्याला वरात म्हणावं लागेल. पुढे ठकीबाय, मागे नीताताई, त्यांच्यामागे उष्ट्या हातांचे साठ-सत्तर लोक, उताराला लागले. माळ्यावर जायला आडव्या दांड्यांची शिडी होती. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हेमंत सर म्हणाले, आम्ही मोबाइलवर फोटो काढून आणतो. ताईंनी चपला काढल्या आणि पहिल्या दांडीवर पाय ठेवला. वरून ठकीबायनं ओढलं, खालून सुनितानं ढकललं. लसणाच्या जुड्या बाजूला केल्या, पदरानं काजळी पुसली. सहा खाचा. एक दुहेरी.

ताईंनी सगळ्यात वरच्या खाचेत बोट ठेवलं. ती पहिल्या होळीची, साहेब सगळ्यात लहान होते तेव्हाची.

"बाबा एवढेसे होते," त्या म्हणाल्या.

"एवढेसे, आणि खाली डोकं वर पाय," ठकीबाय म्हणाली.

खाली जमलेल्यांना माळ्यावर कोण हसतंय आणि कोण रडतंय ते कळेना, कारण दोन्ही आवाज दोघींचेही होते.

उतरल्यावर नीताताई ओट्यावर बसल्या. घोंगडी नव्हती, तशाच सारवलेल्या ओट्यावर बसल्या. मग एकेक करत पाहुणे बसले. ओटा संपला तेव्हा अंगणात बसले. ठकीबायनं हंडा पुढे ओढला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यातलं पाणी पाहुण्यांना पुरलं नाही.

सुनितानं सगळ्यांसमोर विचारलं, "बसले ना, आते? आता पाया खणू?"

यावर मात्र गोंधळ उडाला. शताब्दी समितीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, या वास्तूला आता हात लावता येणार नाही. ही जपली पाहिजे, ठकीबाईंनी इथंच राहावं, जशा राहतात तशाच, आणि येणाऱ्यांना हे जीवन बघायला मिळावं. सुनितानं गळतीच्या पातेल्यांकडे बघितलं.

"जपायचं तर जपा," ठकीबाय म्हणाली. "पण मना, या म्हातारीला, आत ठेवून कशाला जपता?"

गृहस्थ बसले. मग ठकीबायनं हेमंत सरांकडे वळून, त्यांना ती लहानपणापासून मारायची तशी हाक मारली. सरांचं नाक तिनं पदरानं पुसलेलं आहे, त्यामुळे पाहुण्यांसमोर 'सर' म्हणायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"हेमंता, घर एकदा हललंय. परत हलेल. तुझ्या गाडीची शेड हाय ना, तीच जुनी जागा."

सर शेडबद्दल काही बोलणार होते. सिमेंटचे खांब, नवे पत्रे, आत नवी गाडी. पण नीताताई त्यांच्याकडे बघत होत्या, पाडा बघत होता, आणि सरांनाही खरं तर पहिल्यांदाच कळलं होतं की जन्मघर मोडलेलं नव्हतं, फक्त दोनशे पावलं चालून गेलं होतं. "गाडी काय, बाहेरही राहील," ते म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांना बरंही वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी शेडचा पहिला पत्रा त्यांनी स्वतः काढला.

घर हलवायचं तर पाड्यातली माणसं भट्टीवर जायच्या आत. आठव्या दिवशी सकाळी सगळा पाडा आला. अशा कामाला मजुरी नसते, जेवण असतं. भिवंडीहून मुलगाही दोन दिवसांची सुट्टी काढून आला. भिंतींचा कूड सुटला, कौलं हातोहात खाली आली, वासे मोकळे झाले. सोम्याबाबा खुर्ची अंगणात मांडून हुकूम सोडत होता. प्रत्येक खांबाला कुठली बाजू पूर्वेला होती त्याची खूण करायची, आपलं डोकं चालवायचं नाही, एका खांबानं चालवलं तेवढं पुरे. लोक हसले. ठकीबायही हसली.

मधला खांब शेवटी काढला. दहा जणांनी दोर लावून आडवा घातला. आधी मातीतलं बेचकं बाहेर आलं. बुध्यानं ते गाडण्याआधी जाळून काळं केलं होतं. साठ वर्षं मातीत राहून ते तसंच टणक होतं, काठी मारली तर खणखण वाजलं. मग सोम्याबाबा दुसऱ्या टोकाला गेला, जे इतकी वर्षं आढ्याखाली अंधारात होतं. खाली वाकला. तिथंच राहिला.

बुडखा आतून पोकळ होता. जुनी वाळवी, केव्हाच मरून गेलेली. कड तेवढी शाबूत, आत हात घातला तर मनगट बुडेल. अशा टोकावर वरचा भार पेलतो. पण ते मातीत गाडलं असतं, तर दोन पावसाळ्यांत घर बसलं असतं.

सोम्याबाबानं हात आत घातला, बाहेर काढला. पुन्हा घातला. पोरं उलट्या बुध्याचं काहीतरी बोलत होती, ती पुढे येऊन वाकून बघू लागली.

"त्याला ठावं होतं," सोम्याबाबा म्हणाला. "मग बोलला का नाय?"

ठकीबाय खांबाशेजारी बसली होती. तिला म्हातारा आठवला. वारघड्यांच्या अंगणात उभा राहून, मिळालेलं लाकूड डोक्यावर घेणारा. "मालकानं दिलेल्या खांबाला वाळवी हाय, हे कुणाजवळ बोलणार?" ती म्हणाली. "घर मिळालं, त्याच्यात तो खूश होता. हसू दिलं तुम्हाला."

हेमंत सर तिथंच उभे होते. खांब उचलताना खांदा त्यांनी बुडख्याच्या बाजूला लावला. जड बाजू ती.

शेडच्या जागी खड्डा तयार होता. तिथे सरांनी एक विचार मांडला. शिक्षक माणूस, विचार मांडणारच. पोकळ टोक कापून टाकावं, लोखंडी पाय बसवावा आणि खांब सरळ लावावा. म्हणजे खुणा पोराच्या उंचीवर येतील, पाहुण्यांना शिडी चढायला नको. विचार वाईट नव्हता. सगळ्यांनी ठकीबायकडे पाहिलं. ती सोम्याबाबाकडे पाहत होती. सरळ खांबाचा तोच मोठा जाणकार.

सोम्याबाबानं खड्ड्याच्या कडेची माती काठीनं सारखी केली.

"बुध्यानं लावला तसाच लावा," तो म्हणाला.

बेचकं खाली, बुडखा वर. आढं चढलं तेव्हा ठकीबायनं मडक्यातलं पाणी खांबाच्या पायाशी ओतलं आणि सुनितानं तिकडे उतारावर, मोकळ्या झालेल्या जागी, पहिली कुदळ मारली. आवाज इकडे ऐकू आला. ठकीबाय म्हणाली, तिला म्हणावं जेवून तरी घे, स्लॅब काय पळून जात नाही.

आता ठकीबाय स्लॅबखाली राहते. पावसात पातेलं मांडावं लागत नाही, त्यामुळे भांडायला एक विषय कमी झाला, असं सुनिता म्हणते. गाडीचा आवाज आला की ठकीबाय किल्ली घेऊन दोनशे पावलं चढून जाते आणि कुडाचं घर उघडते. माळ्यावर अजून लसूण टांगते. समितीनं लसणाला हरकत घेतली होती. ठकीबायनं त्यांना सांगितलं की साहेबांची आईसुद्धा लसूण जमिनीवर ठेवत नसणार.

पाहुणे आत येतात, मान वर करून बघतात. बेचकं दिसत नाही, जाड बाजू वर, बारीक खाली, आणि खुणा पार छताजवळ. कुणीतरी शहाणा असतोच. तो विचारतो, "बाई, हा खांब उलटा का लावलाय?"

ठकीबाय याच प्रश्नाची वाट बघत असते. ती दारापाशी जाते, हंडा पुढे ओढते आणि ओट्याकडे बोट करते.

"बसा मग," ती म्हणते.